डायबेटिस एज्युकेटरची सहा महिन्यांची सेवा घेतली, त्याबद्दल सविस्तर

मला टाइप २ डायबेटिस होऊन नऊ वर्षं झाली. त्यातली साडेआठ वर्षं रिपोर्ट काढायचा, तो डॉक्टरांपुढे ठेवायचा, शुगर वाढलीय म्हणून बोलणी ऐकायची आणि गोळी वाढवून घरी यायचं एवढंच चाललं होतं, त्यामुळे हा रिव्ह्यू जरा लांब होणार आहे, ज्यांना खरंच ही सेवा घ्यायचीय त्यांनी सवडीने वाचा. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला सेंटरबद्दल नाही तर डायबेटिस एज्युकेटर नावाच्या माणसाचा आपल्याला नक्की उपयोग काय होतो याबद्दल लिहायचंय, आणि काही तक्रारी पण आहेत त्या पुढे लिहिल्यात.

आधी सेवा काय आहे ते सांगते. पॅकेज सहा महिन्यांचं. पहिली भेट तासाभराची, मग दर पंधरा दिवसांनी फोन, महिन्यातून एकदा समोरासमोर भेट, मधे एकदा चौदा दिवसांचा सेन्सर (अंगावर लावून दिवसरात्र शुगर बघायचं यंत्र) आणि सोबत एक अ‍ॅप ज्यात रीडिंग टाकायची. आपले डॉक्टर बदलायचे नाहीत, गोळ्या आणि इन्सुलिन त्यांच्याच सल्ल्याने चालू राहतं, एज्युकेटर डोस बदलत नाही, ती सगळं नीट लिहून डॉक्टरांना पाठवते आणि डॉक्टर ठरवतात. हे मला आधी माहीत नव्हतं, मला वाटायचं की ही डाएटिशियनसारखी कुणीतरी असेल, एक तक्ता देईल आणि संपलं.

मी गेले तेव्हा एचबीएवनसी (मागच्या दोन तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) ९.१ होता. सकाळ संध्याकाळ मेटफॉर्मिन, सकाळी ग्लिमेपिराइड या शुगर कमी करायच्या गोळ्या आणि रात्री झोपताना २२ युनिट इन्सुलिन असं चालू होतं. इन्सुलिन घ्यायला मी दोन वर्षं टाळाटाळ केली होती कारण मनात पक्कं बसलेलं की इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी आणि आपलंच काहीतरी चुकलं म्हणून ही वेळ आली. आधी जिथे जायचे तिथे चार पाच मिनिटांत बाहेर पडायचे, खुर्चीत टेकते न टेकते तोच "पथ्य पाळत नाही तुम्ही" हे वाक्य यायचं. मी पाळत होते हो. नुसतं पाळत नव्हते, रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलं होतं मी, आणि तरी सकाळची फास्टिंग १७०-१८० यायची आणि मग मी दुसऱ्या दिवशी अजून कमी खायचे.

पहिल्या भेटीत एज्युकेटर मॅडमनी (वयाने माझ्या भाचीएवढ्या, मला काकू म्हणतात) काय खाता हे विचारलंच नाही. म्हणाल्या, "काकू, उठल्यापासून झोपेपर्यंत तुमचा दिवस कसा जातो ते सांगा." मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या, मधे एकदाही थांबवलं नाही, नंतर म्हणाल्या आता मीटर काढा आणि माझ्यासमोर शुगर बघून दाखवा. मी नऊ वर्षं शुगर बघतेय, मला वाटलं यात काय बघायचंय. पण मी हात न धुता टोचलं, बोटाच्या बरोबर मध्यावर टोचलं जिथे सगळ्यात जास्त दुखतं, थेंब येईना म्हणून बोट पिळत बसले आणि स्ट्रिपच्या डबीचं झाकण तोवर उघडंच. त्यांनी एकेक करून सांगितलं, साबणाने हात धुवून पूर्ण कोरडे करायचे, टोचायचं बोटाच्या कडेला, थेंब येत नसेल तर हात खाली सोडून थोडा हलवायचा, खूप पिळायचं नाही, आणि डबी लगेच बंद करायची कारण हवेतल्या ओलाव्याने स्ट्रिप खराब होतात. मग म्हणाल्या घरी एकदा फळ सोलून झाल्यावर तशाच हाताने बघा आणि लगेच हात धुवून परत बघा. मी केलं. आधी २३१ आली आणि हात धुतल्यावर १५८. ही अशी किती रीडिंग मी डायरीत लिहून, ती बघून रडून, दुसऱ्या दिवशी उपाशी राहिले असेन कोण जाणे.

अजून एक गोष्ट त्याच दिवशी कळली, मीटर कितीही चांगला असला तरी त्याला थोडी सूट असते. मीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (आयएसओ १५१९७, २०१३ चं) त्यात १०० च्या वरच्या शुगरला १५ टक्के इकडे तिकडे चालतं, म्हणजे खरी शुगर १५० असेल तर मीटर १२८ पण दाखवू शकतो आणि १७२ पण. त्यामुळे काल १५० होती आज १६२ कशी झाली म्हणून जीव काढायचा नाही. बघायचं ते वळण, आठवडाभर रोज त्याच वेळेला काय होतंय ते.

आता त्या सकाळच्या फास्टिंगबद्दल, कारण माझ्यासारखे बरेच जण यातच अडकलेले असतात. मॅडमनी मला तीन रात्री पहाटे तीनचा अलार्म लावून शुगर बघायला सांगितलं. कंटाळा आला पण केलं. दोन रात्री झोपताना नेहमीसारखं कमी खाल्लं होतं, तेव्हा तीन वाजता १३६ आणि १४४ आली आणि सकाळी सहाला १७४ आणि १७९. म्हणजे तीन ते सहा मी काहीही न खाता, नुसती झोपलेली असताना शुगर पस्तीस चाळीसने वर गेली. याला डॉन फिनॉमिनन म्हणतात, पहाटे शरीर उठायची तयारी करतं, कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन वगैरे वाढतात आणि लिव्हर साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं, ज्याला डायबेटिस नाही त्याचं इन्सुलिन ते लगेच आवरतं, आपलं आवरू शकत नाही. म्हणजे सकाळच्या त्या आकड्याचा माझ्या रात्रीच्या दोन घासांशी फारसा संबंधच नव्हता! मी कित्येक महिने रात्री अर्धपोटी झोपत होते ते उगाच.

तिसऱ्या रात्री मात्र मी जवळजवळ काहीच खाल्लं नव्हतं आणि तीनला ६१ आली. मला काही जाणवलंच नाही, अलार्म नसता तर मी झोपूनच राहिले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर सांगितलं तर मॅडमचा आवाज बदलला. म्हणाल्या, "काकू, अंगात इन्सुलिन आहे, सकाळच्या गोळीचाही असर असतो, पोटात काही नाही, हे धोक्याचं आहे, आजपासून रात्रीचं जेवण सुरू, मी डॉक्टरांना आत्ता लिहिते." त्याच दिवशी डॉक्टरांचा निरोप आला. इतक्या वर्षांत कुणीतरी मला जेवा असं सांगितलं. मी फोन ठेवून बराच वेळ तशीच बसून राहिले.

हायपो म्हणजे लो शुगरबद्दल त्यांनी मला आणि ह्यांना दोघांना बसवून शिकवलं, हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला. ७० च्या खाली गेली की लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. दरदरून घाम, हात थरथरणं, धडधड, एकदम चिडचिड, बोलताना अडखळणं यातलं काहीही झालं की आधी बघायचं, बघायला मीटर नसेल तर लो आहे असं धरूनच चालायचं. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा मोठा एक चमचा साखर पाण्यात ढवळून घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, परत बघायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. चॉकलेट नाही, कारण त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. शुगर वर आली आणि पुढचं जेवण लांब असेल तर थोडं काहीतरी खाऊन घ्यायचं. माझी चूक अशी व्हायची की घाबरून समोर दिसेल ते खात सुटायचे आणि दोन तासांनी २८० यायची, मग त्याचं वाईट वाटायचं. ह्यांना वेगळं सांगितलं की हिची शुद्ध गेली तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी पण नाही, श्वासनलिकेत जाऊ शकतं, कुशीवर वळवायचं आणि लगेच ॲम्ब्युलन्स, आणि डॉक्टरांनी ग्लुकागॉन (शुगर पटकन वर आणणारं औषध) दिलेलं असेल तर ते कसं द्यायचं. हे सगळं ऐकताना हे एकदम गप्प होते. घरी आल्यावर त्यांनी स्वतःहून ग्लुकोजच्या पुड्या माझ्या पर्समध्ये, गाडीत आणि उशाशी ठेवल्या, आजही संपली की तेच आणून ठेवतात.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. मॅडम म्हणाल्या पोट दाखवा, इन्सुलिन कुठे टोचता ते बघू. मी कायम बेंबीच्या उजव्या बाजूला टोचत होते कारण तिथे दुखत नाही. त्यांनी हाताने चाचपून माझाच हात तिथे ठेवला, त्वचेखाली रबरासारख्या दोन गाठी लागल्या. एकाच जागी वर्षभर टोचलं की तिथली चरबी अशी घट्ट होते, तिथे दुखत नाही म्हणून माणूस परत तिथेच टोचतो आणि तिथून इन्सुलिन रक्तात कधी जास्त जातं कधी कमी. कारण नसताना माझी शुगर वरखाली व्हायची त्याचा मोठा भाग हाच होता. मग रोज जागा बदलायची, आधीच्या टोचण्यापासून निदान बोटभर लांब, सुई दर वेळी नवी, इन्सुलिनच्या पेनमधून आधी दोन युनिट हवेत सोडून बघायचे की औषध येतंय का, आणि बटण दाबून झाल्यावर दहा आकडे मोजून मग सुई काढायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जागा बदलायच्या आधी त्यांनी डॉक्टरांना कळवलं, कारण चांगल्या जागेवरून तेच इन्सुलिन जास्त नीट शोषलं जातं आणि शुगर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टरांनी २२ चे १८ युनिट केले. इन्सुलिन कमी झालं आणि शुगर पण कमी झाली. हे कुणाला वाचून पटणार नाही पण माझ्या डायरीत आहे. तुम्ही इन्सुलिन घेत असाल तर आज अंघोळीच्या वेळी पोटावर, मांडीवर हात फिरवून बघा, आणि गाठ लागली तर स्वतःच्या मनाने काही न करता डॉक्टरांना दाखवा.

सेन्सरचे चौदा दिवस. दंडाच्या मागे एक बारीक गोल चकती लावतात, लावताना टिचकी मारल्यासारखं होतं, बाकी काही नाही. फोनवर दिवसरात्र आलेख दिसतो. पहिले तीन दिवस मी त्या फोनला चिकटून होते, दर दहा मिनिटांनी बघायचे आणि आकडा हलला की छातीत धस्स व्हायचं, मॅडमना सांगितल्यावर म्हणाल्या, दिवसातून ठरवून काही वेळाच बघा आणि लो शुगरचा अलार्म तेवढा चालू ठेवा. मशीन चांगलं आहे पण समजून वापरायला हवं. ते रक्तातली शुगर मोजत नाही, त्वचेखालच्या पेशींमधल्या द्रवातली मोजतं, त्यामुळे शुगर झपाट्याने बदलत असेल तेव्हा काही मिनिटं मागे असतं. म्हणजे लो झाल्यावर ग्लुकोज घेतलं तरी सेन्सर थोडा वेळ लोच दाखवत राहतो आणि माणूस अजून खातो, तेव्हा बोट टोचूनच खात्री करायची. त्या कुशीवर झोपलं की दाब पडून खोटा लो पण दाखवतो, मला एका रात्री ५९ दाखवून उठवलं, बोटावर १०४ होती. काही सेन्सरला व्हिटॅमिन सी चा जास्त डोस चालत नाही, तेही लावायच्या आधी विचारून घ्या.

पण त्या आलेखाने मला जे दाखवलं ते नऊ वर्षांच्या रिपोर्टांनी दाखवलं नव्हतं. तेच जेवण, तेवढंच, एक दिवस जेवून लगेच सोफ्यावर बसले तर २३८ पर्यंत चढली, दुसऱ्या दिवशी जेवून पंधरा मिनिटं घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तर १८९ ला थांबली. स्नायू हलले की ते इन्सुलिनची फार वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, हे मॅडमनी आधी सांगितलं होतं पण डोळ्यांनी बघणं वेगळं. एका रात्री झोपच लागली नाही आणि दुसरा अख्खा दिवस सगळं तेच करून आलेख वरच राहिला. एका भांडणाने पण चढलेली दिसली, न खाता. शेवटी त्यांनी टाइम इन रेंज काढून दाखवला, म्हणजे दिवसातला किती वेळ शुगर ७० ते १८० मध्ये होती. बऱ्याच मोठ्या माणसांसाठी हा ७० टक्क्यांच्या वर असावा असं धरतात, म्हणजे दिवसाचे साधारण सतरा तास, आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी. माझा ५४ टक्के निघाला. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "काकू, अर्ध्याहून जास्त वेळ जमतंय तुम्हाला, जिथे सगळ्यात जास्त बिघडतं त्या दोन वेळा शोधू." त्या दोन वेळा म्हणजे पहाट आणि दुपारच्या जेवणानंतरची. तेवढ्यावरच काम केलं, बाकी दिवसाला हात लावला नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण यावर सगळेच बोलतात. ताटाचा अर्धा भाग पिष्टमय नसलेल्या भाज्या, पाव भाग प्रोटीन, पाव भागात पिष्टमय पदार्थ, आणि जमेल तेव्हा भाजी आणि प्रोटीन आधी, पिष्टमय शेवटी, याने जेवणानंतरची उसळी कमी होते, मी सेन्सरवर बघितलंय. कुठलाही पदार्थ कायमचा बंद केला नाही. "कायमचं बंद केलं की लपून खाल्लं जातं, आणि लपून खाल्लं की बघितलं जात नाही," असं त्या म्हणाल्या आणि मला एकदम माझीच कितीतरी वर्षं आठवली.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी सतरा प्रश्नांचा एक कागद दिला. विल्यम पोलॉन्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर २००५ मध्ये हा तयार केला, डायबेटिसमुळे येणारा मानसिक ताण त्यातून मोजतात. म्हणजे डायबेटिस आपली सगळी शक्ती खाऊन टाकतोय असं वाटतं का, घरच्यांना हे किती कठीण आहे ते कळत नाही असं वाटतं का, अशा अर्थाचे प्रश्न. मी भरायला घेतला आणि पाचव्या सहाव्या प्रश्नाला पेन थांबलं, डोळ्यांत पाणी आलं. हे प्रश्न मला आजवर कुणी विचारले नव्हते, आणि विचारायचे असतात हेच मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं की हे डिप्रेशनच असतं असं नाही, रोज चोवीस तास एका आजाराचा हिशोब ठेवून माणूस दमतो, आणि दमलेला माणूस मीटर कपाटात टाकून देतो. मी खरंच दोनदा टाकला होता. त्याच दिवशी इन्सुलिनबद्दलची ती अपराधी भावनाही मी बोलून दाखवली. तेव्हा त्यांनी ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं, १९७७ मध्ये सुरू झालेला आणि १९९८ मध्ये निकाल आलेला. त्यात दिसलं होतं की टाइप २ चं निदान होतं तेव्हाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं काम साधारण निम्म्यावर आलेलं असतं आणि वर्षं जातात तसं ते कमी कमी होत जातं. म्हणजे काही वर्षांनी इन्सुलिन लागणं हा या आजाराचा स्वभाव आहे, बऱ्याच जणांना लागतं. आणि हेही सांगितलं की १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं, त्याला टाइप १ होता (ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही), त्याच्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवणं एवढाच उपाय डॉक्टरांकडे होता. ते ऐकल्यापासून मी रात्री पेन हातात घेते तेव्हा मनात पूर्वीसारखं काही येत नाही.

आता तक्रारी, आणि त्या नीट लिहिते कारण मी पैसे भरून सेवा घेतली होती. पहिल्या आठवड्यात त्यांच्या ऑफिसमधून जो आहाराचा छापील कागद आला तो सरसकट सगळ्यांना देतात तोच होता, माझ्याशी तासभर बोलून लिहून घेतलेल्या गोष्टींचा त्यात मागमूस नव्हता, मी सांगितल्यावर मॅडमनी हाताने नवा लिहून दिला पण तोच आधी यायला हवा होता. अ‍ॅपवर दिवसाला आठ नऊ नोटिफिकेशन यायच्या, रीडिंग टाकली नाही की लाल खूण दिसायची, ती लाल खूण बघून मला परत जुनं बोलणं ऐकल्यासारखं व्हायचं, शेवटी सगळं बंद करून मी वहीत लिहायला लागले आणि फोटो पाठवायला लागले. चौथ्या महिन्यात मॅडम पंधरा दिवस रजेवर होत्या, त्यांच्या जागी ज्या आल्या त्यांनी फाइल न वाचता पहिलंच वाक्य "फास्टिंग अजून जास्तच आहे, रात्रीचं कमी करा" असं टाकलं. मी शांतपणे सांगितलं की माझं काय झालं होतं ते पान चार उघडून वाचा. सहा महिन्यांपूर्वी मी गप्प बसून रात्री उपाशी झोपले असते.

आणि सगळ्यात मोठी तक्रार आजारी दिवसांची. एका रविवारी मला उलट्या जुलाब सुरू झाले, खाल्लेलं टिकेना आणि शुगर मात्र ३०० च्या वर, सुट्टीच्या दिवशी त्यांचा फोन बंद असतो. इन्सुलिन घेऊ की नको, मेटफॉर्मिन घेऊ की नको, काही कळेना, शेवटी ह्यांनी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. दुसऱ्या दिवशी मला एक छापील पान मिळालं, आजारपणात काय करायचं त्याचं. दर चार तासांनी शुगर बघा, खाणं जात नसलं तरी झोपतानाचं इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका, घोट घोट पाणी पीत राहा, उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तर मेटफॉर्मिनसारख्या काही गोळ्या थांबवाव्या लागतात त्यासाठी डॉक्टरांना लगेच फोन करा, आणि पाणीही टिकत नसेल, धाप लागत असेल, गुंगी येत असेल तर थेट हॉस्पिटल. हे पान पहिल्या दिवशी हातात द्यायला पाहिजे होतं, तयार छापलेलं होतं त्यांच्याकडे. मी त्यांना तसं लेखी कळवलंय. तुम्ही अशी सेवा घेणार असाल तर पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारा, आजारी दिवसांचं पान द्या आणि सुट्टीच्या दिवशी फोन कुणाला करायचा ते सांगा.

सहा महिन्यांनी एचबीएवनसी ७.४ आला. सरासरीत सांगायचं तर आधी माझी शुगर २१४ च्या आसपास असायची ती १६६ वर आली. हा आकडा मागच्या दोन तीन महिन्यांचा हिशोब सांगतो कारण तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून दर महिन्याला काढून उपयोग नसतो. बऱ्याच जणांना ७ च्या खाली ठेवायला सांगतात, पण वय, बाकीचे आजार, लो होण्याची भीती बघून डॉक्टर प्रत्येकाचं वेगळं ठरवतात, माझ्या डॉक्टरांनी लो न होता साडेसात आलं तरी मी खूश आहे असं आधीच सांगितलं होतं. यूकेपीडीएसच्याच माहितीवरून पुढे असं दिसलं की एचबीएवनसी १ टक्का कमी असेल तर डोळे, किडनी यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास ३७ टक्क्यांनी कमी आढळतात. पण आकड्यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की आता २१० आली तर मी वहीत शेजारी कारण लिहिते, झोप नाही, किंवा चालले नाही, किंवा माहीत नाही. माहीत नाही असं लिहिलेलंही त्यांना चालतं.

पाचपैकी मी साडेचार देईन. अर्धा त्या रविवारचा कापला.

एक राहिलं, पायांचं. पहिल्याच महिन्यात मॅडमनी चपला काढायला लावल्या. नऊ वर्षांत माझे तळवे कुणी बघितले नव्हते. डोळे मिटायला सांगून एका बारीक नायलॉनच्या तारेने (मोनोफिलामेंट म्हणतात, १० ग्रॅमचा दाब पडतो) तळव्यावर जागोजागी टेकवलं आणि कळलं की हो म्हणा म्हणाल्या. डाव्या पायाला दोन ठिकाणी मला काही कळलंच नाही, त्या म्हणाल्या आत्ता टेकवली होती. मग डॉक्टरांनी तपासलं, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि किडनीसाठी लघवीतल्या अल्ब्युमिनची टेस्ट पण त्याच महिन्यात झाली, दोन्ही वर्षातून एकदा करायच्या असतात आणि माझ्या तीन वर्षं राहिल्या होत्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्याने बी १२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात म्हणून ते पण तपासलं, खरंच कमी निघालं, त्याचं औषध सुरू आहे.

तेव्हापासून रात्री झोपायच्या आधी हे माझे पाय बघतात. मला वाकून तळवा दिसत नाही, म्हणून ते दिव्याखाली पाय धरून बोटांच्या मधलं, टाचेचं सगळं बघतात, चपलेत हात घालून खडा वगैरे नाही ना ते बघतात. गेल्या महिन्यात डाव्या अंगठ्याखाली वाटाण्याएवढा फोड दिसला, नव्या बुटाचा. मला जरा सुद्धा दुखत नव्हतं, मी दिवसभर त्याच्यावर चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच दाखवला, ड्रेसिंग झालं, बूट बदलले, आणि अकराव्या दिवशी तिथे फक्त गुलाबी कातडं राहिलं होतं.